दोन बँड, दोन गिटारवाले आणि प्रेम: १९९९च्या मुंबईत हे पटतं का?

अर्धाकप

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय आणि अडकलेय.

काळ १९९९, जागा मुंबई. दोन रॉक बँड, त्यांचे दोन लीड गिटारिस्ट. दोघंही मुलगे, दोघंही एकमेकांचे कट्टर वैरी, आणि प्रेमात पडतात. पहिला खर्डा पाठवला तर संपादकांचा फोन आला. "भाषा छान आहे हो, पण सगळं परदेशी वाटतं. आपल्याकडे रॉक कुठे होतं? आणि त्यात पुन्हा हे?" 'हे' म्हणायच्या आधी ते एवढा वेळ थांबले की मला वाटलं फोन कट झाला.

माझा जन्म १९९८चा. त्या काळाबद्दल जे माहीत आहे ते ऐकीव. म्हणून विचारते. असे दोघं भेटले असते तर कुठे? मोबाइल नाही, घरात एकच फोन, तोही हॉलमध्ये. आणि मुख्य म्हणजे वैऱ्यांचं प्रेम हे फार जुळवून आणल्यासारखं वाटतं का? माझ्या खर्ड्यात पहिली दहा पानं ते भांडतात, मग पावसात अडकतात आणि मिठी मारतात. पाऊस मलाच खटकतोय. कोणी त्या काळात बँडमध्ये होतं का इथे?

खवटराव

१९९९ मध्ये आमच्या गल्लीत रॉक म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो. कल्पनाविलास म्हणून ठीक आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.

चर्चगेटस्लो

खवटराव, तुमच्या गल्लीबाहेरही मुंबई होती. धोबीतलावचं रंगभवन, झेवियर्सला लागून. १९८६पासून दर पावसाळ्यात तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' व्हायचं, सगळे आय-रॉकच म्हणायचे. वर छप्पर नाही, खाली चिखल, काळे टीशर्ट घातलेली पोरं. इंडस क्रीड, ब्रह्मा, पेंटाग्राम, दिल्लीचा परिक्रमा, सगळे मी तिथे ऐकलेत. जुहूला रॅझबेरी ऱ्हायनोसेरस हा क्लब होता. आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमध्ये 'लाइव्हवायर' ही बँडची स्पर्धा असायची. अलाहाबादहून १९९३पासून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघायचं, कॉलेजात एक अंक वीस जण वाचायचे.

रंगभवन पुढे बंद पडलं ते शांतता क्षेत्रामुळे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता आली. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि दुसरीकडे कामा हॉस्पिटल, मग काय उरणार. तेव्हा १९९९ हे साल तुम्ही बरोबर धरलंय. त्यानंतर फार दिवस उरले नव्हते.

प्रेमाबद्दल मला काही माहीत नाही, मी ड्रमर होतो.

पाचगणीकरीण

संपादकांना 'परदेशी' वाटत असेल तर त्यांना आमच्या गावी पाठवा. क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीनं पहिला बँड पाचगणीत काढला, सेंट पीटर्स शाळेत, १९५८ मध्ये. 'द हेक्टिक्स' नाव. तेव्हा तो फारुख बलसारा होता आणि पियानो वाजवायचा.

रॉकमध्ये असं काही असलं तरी कोणी बोलत नसे. जुडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडचा गायक रॉब हॅल्फर्ड १९७३ मध्ये त्या बँडमध्ये गेला आणि आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे बोलला १९९८ मध्ये. पंचवीस वर्षं. म्हणजे तुमच्या कथेच्या जेमतेम एक वर्ष आधी. तुमच्या दोघांपैकी एकानं ती बातमी वाचली असेल का, हा विचार करून बघा.

वैराबद्दल सांगायचं तर डेव्हिड बोवी आणि मार्क बोलन हे ब्रिटिश रॉक गायक आठवतात. त्यांच्यात प्रेम होतं असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण १९६०च्या दशकात दोघं एकाच मॅनेजरकडे होते आणि कडकीच्या दिवसांत त्यानं दोघांना आपल्या ऑफिसच्या भिंती रंगवायला लावल्या होत्या. पुढे बोलन आधी प्रसिद्ध झाला, मग बोवी त्याच्या पार पुढे निघून गेला. १९७७च्या सप्टेंबरात बोलनच्या टीव्ही कार्यक्रमात दोघं एकत्र वाजवायला उभे राहिले आणि बोलन अडखळून स्टेजवरून खाली गेला. बोवी हसला. नऊ दिवसांनी बोलन मोटार अपघातात गेला. ते हसू मी कितीतरी वेळा पाहिलंय. शत्रू पडला म्हणून कोणी असं हसत नाही.

डीमायनर

अर्धाकप, मी या साइटवर दहा वर्षं फक्त वाचतो. हा धागा दोन रात्री उघडून बंद केला. आज लिहितो.

मी डोंबिवलीचा. १९९७ ते २००१ आमचा बँड होता. नाव सांगत नाही, सांगितलं तरी कोणाला आठवणार नाही, आणि एखाद्याला आठवलंच तर पंचाईत. मी लीड गिटार. आमची जॅम रूम, सरावाची जागा, म्हणजे ड्रमरच्या काकांचं बंद पडलेलं लेथचं दुकान. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. आवाज काही अडला नाही, झुरळं मात्र भरपूर झाली.

आणि तो वसईचा. कॅथलिक, वडील चर्चच्या कॉयरमध्ये. त्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि तो ते मला दर वेळी ऐकवायचा. इथे त्याला वसईकर म्हणतो.

आमचं वैर नाटकी नव्हतं. कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये तेच आठ-दहा बँड फिरायचे. आम्ही दुसरे आलो की ते पहिले, नाहीतर उलट. ठाण्याला एकदा आमचा सेट संपल्यावर तो माइकवर आला आणि म्हणाला, "चला, आता थोडा वेळ सुरात." अख्खं मैदान हसलं. मी चार रात्री झोपलो नाही. त्या चार रात्री मी काय करत होतो? तो कसा उभा राहतो, तार छेडायचं पिक कसं धरतो, तार वाकवताना खालचा ओठ कसा चावतो, हे एकेक आठवून त्याला शिव्या देत होतो. आता सांगा, याला काय म्हणायचं? आमचा बेसिस्ट म्हणायचा, "साल्या, तू त्याच्यावर लईच खुन्नस धरलीयस." मला ते पटलं. वेगळं काही नाव माहीतच नव्हतं.

म्हणून तुमच्या दहा पानांच्या भांडणाबद्दल सांगतो. भांडण आधी आणि प्रेम नंतर असं लिहू नका. वीस वर्षांच्या मुलानं दुसऱ्या मुलाच्या हातांकडे अर्धा तास टक लावून बघितलं तर लोक काहीतरी बोलतील. तोच मुलगा 'दुश्मन' बँडचा असला तर कोणी बोलत नाही. उलट चहा पाजतात, "बघ, नीट बघून ठेव, सोलोत चीटिंग करतो तो." वैर हा आमचा रेल्वेचा पास होता. तो खिशात असला की कुठेही हिंडा, टीसी विचारत नाही.

आता ती संध्याकाळ. १९९९, डिसेंबर, एका कॉलेजचं ग्राउंड, कॉलेजचं नाव राहू दे. प्रत्येक बँडला सेटअप धरून २० मिनिटं. निदान एक गाणं स्वतःचं हवं, नाहीतर गुण कापणार. माझ्याकडे तेव्हा फ्लॉइड रोझ ब्रिजची सेकंडहँड इबानेझ गिटार होती, जहाजावरून परतलेल्या एका गोव्याच्या वादकाकडून हप्त्यानं घेतलेली. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवायची पट्टी, आणि ही पट्टी म्हणजे तराजू. एकीकडून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, मधे तो तरंगत असतो. एक तार तुटली की तराजू कलतो आणि उरलेल्या पाच तारा वर चढतात. साध्या गिटारवर तार गेली तर पाच तारांवर निभावून नेता येतं. यावर नाही. वर, खुंट्यांच्या अलीकडे नट नावाच्या पट्टीपाशी, तारा कुलूपबंद. ॲलन की शिवाय उघडत नाहीत, आणि ती माझ्या बॅगेत, बॅग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

दुसऱ्या गाण्यात माझी पहिली तार गेली. पुढचा स्वर वाजवला आणि जे बाहेर आलं त्यानं पुढच्या रांगेतली पोरं दचकली. आमच्या ड्रमरनं प्रसंग ओळखून सोलो सुरू केला. तो ड्रम सोलोच्या लायकीचा वादक नव्हता, पण त्या दिवशी देवासारखा धावला. मी विंगेकडे वळलो तर वसईकर खाली मान घालून उभा. त्यांचा नंबर आमच्यानंतर होता. स्वतःच्या गिटारचं शिंग, म्हणजे पोटाचं वरचं टोक, त्यानं कानामागच्या हाडाला टेकवलं होतं आणि खुंट्या पिळत होता. ड्रमच्या गोंगाटात इलेक्ट्रिक गिटार तशीच लावावी लागते, हाडातून ऐकून.

आधी मला कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा बँड अर्धा सूर खाली लावायचा, त्यांच्या गायकाला वरचं पेलत नसे. आम्ही सरळ 'ई'त. तो त्याची गिटार आमच्या सुरात चढवत होता. एकेक तार, सहाही. मग पट्टा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "चौथी जरा घसरते. दाबून वाजव."

बस. एवढंच बोलला.

आम्ही सेट पुरा केला. मग त्याला तीच गिटार परत खाली उतरवावी लागली, स्टेजवर, स्वतःच्या २० मिनिटांत. वर चढवून उतरवलेल्या तारा लगेच थाऱ्यावर येत नाहीत, बराच वेळ सरकत राहतात. त्यांचं स्वतःचं गाणं शेवटी होतं. वेळ संपली, ते राहिलं. त्यांचे गुण कापले गेले. जिंकला पुण्याचा एक बँड, ज्याच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नव्हतं.

तुमच्या कथेत मिठी कुठे टाकायची ते तुम्ही ठरवा. आमच्यात त्या रात्री मिठी-बिठी झाली नाही. त्याच्या बँडनं त्याला जे काही सुनावलं ते मी लांबून ऐकलं, आणि माझ्या बँडला मी खोटं सांगितलं की गिटार मी हिसकावून घेतली.

अर्धाकप

डीमायनर, मी हे ऑफिसात वाचलं आणि आता वॉशरूममधून टाइप करतेय. पाऊस मी आत्ताच्या आत्ता खोडला. पुढे? म्हणजे भेटायचात कुठे? सांगायचं नसेल तर राहू द्या.

चर्चगेटस्लो

फ्लॉइड रोझवर तार तुटणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याच्या अंगावर काटा येईल. बाकी ड्रमरला देव म्हटल्याबद्दल आभार.

खवटराव

मी वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, बेंजो होताच. पण वाचतोय.

डीमायनर

भेटायचो दादरच्या पुलावर. मुंबईचा नकाशा बघा. तो पश्चिम रेल्वेचा, मी मध्य रेल्वेचा. दोन्ही लाइनी जिथे एकमेकींना पुलानं धरतात ती जागा दादर. दोन गिटारवाले पुलाच्या कठड्याला टेकून कॅसेटींची अदलाबदल करतायत, यात कोणाला काय दिसणार? खाली फुलबाजार, वर आम्ही. संध्याकाळी सातला तिथे उभं राहायलाही जागा नसते, आणि म्हणूनच कोणी कोणाकडे बघत नाही. निवांत जागा शोधणारी जोडपी पकडली जातात. तुमच्या मुलांना निर्जन समुद्रकिनारा देऊ नका.

कॅसेटींत काय असायचं? आपलंच वाजवलेलं. साठ मिनिटांची टीडीके, एका बाजूला मी, तो ऐकायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचं भरून परत द्यायचा. आतल्या कागदावर बारीक अक्षरात शेरे. "२:४० ला बेसूर." "हे वाकवणं चोरलेलं आहे, कोणाचं ते मला माहीत आहे." "५:१० परत परत ऐकलं." यातला तिसरा शेरा मी किती वेळा वाचला असेन? प्रेमपत्रं म्हणाल तर हीच. 'प्रेम' शब्द आमच्यात गाण्याबाहेर कोणी उच्चारला नाही. तुमची मुलं जर एकमेकांना "आय लव्ह यू" म्हणत असतील तर ते काढा, डोंबिवलीत तेव्हा मुलीलाही कोणी असं तोंडानं म्हणत नव्हतं.

फोन असा: तो माझ्या घरी करायचा, आई उचलायची. "काकू, त्याला सांगा माझा पट्टा परत दे." पट्टा म्हणजे शनिवारी. "वायर परत दे" म्हणजे रविवारी. वर्षभरानं आई म्हणाली, "अरे, त्या मुलाचं एवढं सामान का घेऊन येतोस? परवडत नाही का आपल्याला?"

वसईला त्याच्या घरी मी तीनदा गेलो. दर वेळी त्याच्या आईनं सुकेळी बांधून दिली, राजेळी केळी वाळवून पानात गुंडाळलेली. येताना विरार लोकलच्या लगेजच्या डब्यातून यायचं, गिटार घेऊन दुसरीकडे चढताच येत नाही. टोपल्यांमधे मांडी घालून बसलेल्या कोळणी मला "गाणंवाला" म्हणायच्या. एकदा तो दादरपर्यंत सोडायला आला. डब्यात अंधार होता, दिवा गेलेला. माझा हात गिटारच्या बॅगेखाली होता आणि त्यावर त्याचा. अंधेरी ते दादर. समोरची कोळीण बघत होती की झोपली होती, मला आजतागायत माहीत नाही. उतरताना म्हणाली, "सांभाळून जा रं पोरांनो." सगळ्यांनाच म्हणत असेल.

तुमच्या खर्ड्यात ते दोघं ३७७ कलमावर चर्चा करतात का? करत असतील तर उडवा. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम होतं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण मला ते तेव्हा ठाऊकच नव्हतं. समलिंगींचं नियतकालिक 'बॉम्बे दोस्त' १९९० पासून निघत होतं, त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये सुरू झालेला, हे सगळं मला चाळिशीत समजलं. आमच्या भीतीचं माप चाळीच्या गॅलरीएवढं होतं. चार बिऱ्हाडं, आठ डोळे. पाचगणीकरीणबाई, हॅल्फर्डची बातमी मात्र पोचली होती. आमच्या गायकानं जॅम रूममध्ये सांगितली आणि सगळे हसले. मीही हसलो. वसईकराला मी ते कधी सांगितलं नाही.

आता जे तुमच्या कथेत नसेल ते सांगतो. आमचं मोडलं ते कोणाला कळलं म्हणून नाही. २००१ मध्ये आमचा ड्रमर नोकरीला बंगलोरला गेला, गायकानं एमबीए धरलं, बँड संपला. सहा महिन्यांत त्याचाही संपला, त्यांचा बेसिस्ट आखातात. आणि अचानक आमच्याकडे कारणच राहिलं नाही. तो एका रविवारी डोंबिवलीला आला. आईनं पोह्यांची ताटली ठेवली आणि अगदी सहज विचारलं, "आता बँड नाही ना तुमचे? मग काय काम काढलंत? तुमचं तर पटतही नव्हतं." आम्ही दोघंही गप्प. पास संपला होता. पोहे खाऊन तो गेला. २००२ मध्ये क्रूझवर वाजवायचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जहाजावर चढला. रोज रात्री त्याच त्या लोकप्रिय गाण्यांच्या नकला, पगार डॉलरमध्ये.

मी ॲम्प दुरुस्तीचं काम धरलं, अजून तेच करतो. लग्न केलं नाही. आई २०१४ मध्ये गेली.

अर्धाकप

आणि मग काहीच नाही?

डीमायनर

६ सप्टेंबर २०१८. दुपारी दुकानात टीव्हीवर ३७७ कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पोरं रस्त्यावर नाचतायत, माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न. संध्याकाळी बाहेरच्या देशातल्या नंबरावरून व्हॉट्सॲप आलं. निकालाबद्दल एक अक्षर नाही. फक्त एक ऑडिओ फाइल आणि खाली, "२:४०. अजूनही बेसूर." त्या डिसेंबरच्या कार्यक्रमाची साउंडवाल्यानं भरलेली टेप त्याच्याकडे होती, ती त्यानं कॉम्प्युटरवर उतरवली होती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकली. उत्तर लिहिलं, "२:४० ला मी नाही, तुझी चौथी तार."

तेव्हापासून शेरे परत सुरू झाले. २०२०च्या मार्चमध्ये जगभरातली क्रूझ जहाजं थांबली, काही महिन्यांनी तो वसईला परतला, आता तिथेच मुलांना गिटार शिकवतो. एकत्र राहतो का? नाही. तो वसईला, मी डोंबिवलीला. रविवारी दादरला भेटतो. पन्नाशीला टेकलेल्या दोन पुरुषांना भेटायला कारण लागत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तरी तो अजून "वायर परत द्यायचीय" असंच म्हणतो. गुडघे दुखतात म्हणून पूल सोडला, हल्ली हॉटेलात बसतो.

अवांतर: काल त्याला हा धागा दाखवला. मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून सगळा वाचला. त्याचे आक्षेप नोंदवतो, कारण तो खाते काढायला तयार नाही. एक, गिटार त्यानं माझ्यासाठी लावून दिली नाही, बेसूर वाजवणं त्याला ऐकवत नव्हतं. दोन, "चौथी जरा घसरते" असं तो म्हणालाच नव्हता, "तिसरी" म्हणाला होता, आणि मी तेव्हापासून चुकीची तार दाबतोय. तीन, माझी तुटली ती पहिली नव्हे, दुसरी.

तिसऱ्या मुद्द्यासाठी आम्ही हॉटेलातच एकेक इअरफोन कानात घालून टेप परत ऐकली. तुटल्याचा आवाज येतो. कोणती ते कळत नाही. रविवारी चांगले हेडफोन घेऊन येतोय तो.